उघड्या मालाची तपासणी कोणी करायची?



मागच्या लग्नसराईतली गोष्ट आहे. कडवईकडचे एक शिक्षक मुलासाठी घेतलेल्या शेरवानीचे बिल घेऊन आमच्या दुकानात परत आले. भांडायला नाही, विचारायला. म्हणाले, "शेठ, तुम्ही सवलत दिलीत, मेहेरबानी. पण कर जास्त लागलाय असं वाटतं. जरा बघता का?" आम्ही चष्मा लावून बिल पाहिले. शेरवानीची किंमत २,७०० रुपये, दहा टक्के सवलत २७० रुपये, विक्रीची रक्कम २,४३० रुपये. त्यावर संगणकाने १८ टक्के दराने ४३७ रुपये ४० पैसे कर लावला होता.

आता कापडवाल्यांना हा कायदा सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीची सीमा नगाला २,५०० रुपये झाली आहे. त्या रकमेपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. आणि ही सीमा पाहायची ती बिलात दाखवलेली सवलत वजा केल्यानंतरच्या विक्रीमूल्यावर. म्हणजे २,४३० रुपयांवर ५ टक्के, १२१ रुपये ५० पैसे इतकाच कर होत होता. आम्ही त्या भल्या माणसाकडून ३१५ रुपये ९० पैसे जादा घेतले होते. आमच्या संगणकाने सीमा पाहताना चिठ्ठीवरची किंमत धरली आणि कर लावताना सवलतीची!

त्या रात्री दुकान वाढवल्यावर आम्ही आणि आमचा पुतण्या बिलांची चळत घेऊन बसलो. अशी सतरा बिले निघाली. नुकसान पाच हजारांच्या आसपास, म्हणजे धंदा बुडण्यासारखे काही नव्हते. पण रक्कम आमची नव्हती, लोकांची होती. क्रेडिट नोटा काढून पंधरा जणांना पैसे पोचवले. दोघे मुंबईचे चाकरमानी होते, त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांचे पैसे नावानिशी पाकिटात घालून गल्ल्यात ठेवले आहेत.

हे पुराण आज या पानावर मांडण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्या दुकानातला हिशेबाचा प्रोग्राम विकतचा नाही. तो 'ओपन सोर्स' म्हणजे मुक्त स्रोत प्रकारातला आहे. (त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तो आजही आमच्याकडे आहे आणि चांगला चालतो.) घटना कळल्यावर बाजारातल्या शेजाऱ्यांनी एकच शेरा मारला, "फुकटचा माल, त्याला दर्जा कसला?" आम्हांलाही त्या रात्री तसेच वाटले होते. पुढच्या महिनाभरात जे शिकायला मिळाले त्याने मत बदलले. ते आपल्या बांधवांपुढे ठेवावे म्हणून हा खटाटोप.

मुफ्त आणि आझाद

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत फुकटालाही आणि स्वतंत्रालाही एकच शब्द आहे, म्हणून त्या लोकांची या विषयात फार ओढाताण होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्याकडे 'मुफ्त' वेगळे आणि 'आझाद' वेगळे. हे सॉफ्टवेअर आझाद असते. ते कसे रचले आहे हे कोणालाही उघडून पाहता येते, त्यात बदल करता येतो, बदललेले दुसऱ्याला देता येते. बऱ्याच वेळा ते मुफ्तही मिळते, पण तो त्याचा मुख्य गुण नव्हे.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहायला घेतले. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तेच आहे. तेव्हा 'फुकटचा माल' म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपण सगळे रोज तोच माल वापरतो.

मात्र या मालाच्या परवान्यात एक वाक्य असते, ते कोणी वाचत नाही. त्याचा मतितार्थ असा, की माल जसा आहे तसा देत आहोत, हमी नाही. आपल्या भाषेत, कापड पाहून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही. दुकानदाराने असे सांगितले तर आपण काय करतो? तागा उलगडतो, उजेडात धरतो, बोटांनी चाचपतो. पण संगणकाचा प्रोग्राम घेताना आपण काय केले? पुतण्याने बसवला, आम्ही मान डोलावली. तागा उलगडून पाहण्याचा हक्क आमच्या हातात होता आणि आम्ही तो घडी घालून फळीवर ठेवला.

'माल खराब आहे' ही तक्रार नव्हे

दुसऱ्या दिवशी पुतण्याने प्रोग्राम बनवणाऱ्यांना लिहिले, "टॅक्स चुकतो आहे, ताबडतोब दुरुस्त करा." नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी उलट प्रश्न आला. कोणती आवृत्ती, कोणते बिल, काय भरले, काय अपेक्षित होते, काय आले? आम्ही चिडलो. चूक तुमची आणि उलटतपासणी आमची?

राग शांत झाल्यावर आमचे आम्हांलाच हसू आले. आमच्याकडे माल इचलकरंजीहून कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा करत येतो. त्यात दोष निघाला तर आम्ही पेढीला 'माल खराब आहे' असे कधी लिहितो काय? असे लिहिणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही. आम्ही लॉट नंबर लिहितो, तागा नंबर लिहितो, कितव्या मीटरला धागा तुटला आहे ते लिहितो आणि तेवढा तुकडा कापून सोबत पाठवतो. मग पेढीवाला कारखान्यात जाऊन बरोबर त्या मागासमोर उभा राहतो. वडिलांनी हे आम्हांला वयाच्या सतराव्या वर्षी शिकवले होते. पडद्यासमोर बसताच आम्ही ते विसरलो.

कापड तपासण्याची एक जगमान्य रीत आहे, चार गुणांची. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहा इंचांना २, सहा ते नऊला ३, त्याहून मोठ्याला ४. शंभर चौरस वारांत ४० च्या वर गुण भरले तर तागा साधारणपणे नापास. या रीतीचा फायदा असा, की 'मला वाटते' हा शब्दच संपतो. भिवंडीचा माणूस आणि बांगलादेशचा माणूस एकाच दोषाला एकच गुण देतो. सॉफ्टवेअरच्या दोषालाही चांगली मंडळी अशीच प्रतवारी लावतात. पैशाचा हिशेब चुकतो का? माहिती नाहीशी होते का? की नुसते अक्षर वाकडे दिसते? पहिल्या दोघांना आधी हात घालायचा, तिसऱ्याला सवडीने.

आम्ही नव्याने तक्रार लिहिली. आवृत्तीचा क्रमांक दिला. "नग १, किंमत २,७००, सवलत १० टक्के. कर १२१.५० यायला हवा, ४३७.४० आला. सवलत न देता किंमत थेट २,४३० भरली तर बरोबर येतो." शेवटचे वाक्य पुतण्याचे, आणि खरी गुरुकिल्ली तीच होती. दोन दिवसांत दुरुस्ती आली. चूक अशी होती, की नव्या दरांसाठी घाईने जे अपडेट काढले त्यात कोणीतरी तपासणीची ओळ सवलतीच्या आधी लिहिली होती. एक ओळ खाली सरकवली, काम झाले.

पण दुरुस्तीपेक्षा मोलाची गोष्ट पुढे घडली. त्यांनी आमचे बिल प्रोग्रामच्या चाचणीत कायमचे बसवले. म्हणजे असे, की यापुढे कोणीही त्या प्रोग्रामात काडीचाही बदल केला, की संगणक आपणहून २,७०० रुपयांची वस्तू दहा टक्के सवलतीने विकून पाहतो. कर १२१.५० आला नाही तर बदल नामंजूर. दोष एकदा सापडला की त्याने परत डोके वर काढू नये, याचा हा बंदोबस्त. आपल्या धंद्यात असा बंदोबस्त कुठे आहे? एकाच पेढीने तीच चूक तिसऱ्यांदा केल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे.

देवरूखच्या एका दुकानातले बिल आज कुठल्या कुठल्या शहरांतल्या दुकानांची राखण करते आहे. आमचे काही कौतुक नाही, आम्ही फक्त तुकडा कापून पाठवला. पण तो पाठवला नसता तर?

सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही

मुक्त सॉफ्टवेअरचे गोडवे गाणारे सांगतात, की हजारो डोळे पाहत असतात, म्हणून दोष लपत नाही. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाने १९९७ मध्ये या पद्धतीला 'बाजारा'ची उपमा दिली आणि ती जगभर गाजली. आम्ही बाजारातलीच माणसे. आम्हांला ठाऊक आहे, की बाजारात हजार डोळे असतात हे खरे, पण ते सगळे आपापल्या गल्ल्याकडे असतात.

याचा मोठा दाखला २०१४ मध्ये मिळाला. इंटरनेटवरील पैशाचे आणि पासवर्डचे व्यवहार गुप्त ठेवणारे 'ओपन एसएसएल' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरातील असंख्य संकेतस्थळे त्याच्या भरवशावर. त्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष निघाला. दोष काय, तर समजा गिऱ्हाइकाने चार अक्षरांची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाला, "माझी चौसष्ट हजार अक्षरांची चिठ्ठी परत द्या." दिवाणजीने अक्षरे न मोजता त्याची चिठ्ठी आणि तिच्यामागची खतावणीची पाने, सगळे उचलून दिले! मोजून द्यायची एक साधी खबरदारी राहून गेली. ही चूक २०१२ च्या मार्चमध्ये लोकांच्या हाती गेली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये उघडकीस आली. दोन वर्षे माल उघड्यावर पडला होता. ज्याला त्याला वाटत होते, दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल.

तेव्हा चौकशीत कळले, की ज्या सॉफ्टवेअरवर कोट्यवधींचे व्यवहार चालत होते, त्याला लोकांकडून मिळणारी देणगी वर्षाला दोनेक हजार डॉलर होती, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना जाग आली आणि लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा राहिला.

दुसरा दाखला २०२४ चा. फायली दाबून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे सॉफ्टवेअर एकच माणूस वर्षानुवर्षे फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला आला, दोनेक वर्षे इमानदारीने काम केले, विश्वास मिळवला, गल्ल्याची किल्ली हाती घेतली आणि मग आत चोरवाट ठेवली. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना अर्धा सेकंद उशीर लागतो असे जाणवले. दुसरा म्हणाला असता, चालायचेच. हा मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले.

या दोन गोष्टींतून आम्ही दोन धडे घेतले. पहिला, माल उघडा आहे म्हणजे तो तपासलेला आहे असे नव्हे. तपासणीला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेला पैसे लागतात. दुसरा, सावध वापरणारा एक माणूस पुष्कळ अनर्थ टाळू शकतो. तो मोठा तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. अर्धा सेकंद असो की ३१५ रुपये, खटकलेली गोष्ट त्याने सोडून देता कामा नये.

आपल्या मुलखातले दाखले

हे सारे परदेशात घडते असे समजू नका. 'ईआरपीनेक्स्ट' हे दुकान-कारखान्याचा सारा कारभार सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर मुंबईत जन्मले. ते रचणारे ऋषभ मेहता हे फर्निचरच्या व्यापारी घराण्यातले. घरच्या धंद्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर बसवताना हात पोळले, म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतले. आज ते अनेक देशांत वापरले जाते. त्यात कोणी बदल सुचवला तर दुसरा माणूस तो वाचतो आणि संगणक शेकडो चाचण्या घेतो, मगच तो आत जातो. याच मुंबईत कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने 'जीएनयू खाता' हे छोट्या व्यापाऱ्यांसाठीचे हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. नावातच 'खाता' आहे. कीर्द-खतावणी काय असते हे ठाऊक असलेल्यांनी ते बनवले, हे नावावरूनच कळते.

दर्जाचा प्रश्न आणि आपली माती यांचा संबंध पाहायचा असेल तर मराठी अक्षरांकडे पाहा. कोकणातल्या माणसाला 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या दऱ्या हा फरक सांगावा लागत नाही. संगणकाला तो सांगावा लागला. हिंदीत हा वाकडा 'र' नाही. मराठीचा ल आणि श यांचे वळणही हिंदीपेक्षा वेगळे. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या मंडळींनी 'लोहित' नावाच्या मुक्त अक्षरसंचावर वर्षानुवर्षे जे काम केले, ते अशाच बारकाव्यांचे. अमेरिकेतला प्रोग्रामर कितीही हुशार असो, 'दऱ्या' चुकले हे त्याला दिसणार नाही. ते आपल्यालाच दिसणार, आपणच कळवायचे.

उर्दूचेही तेच. अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' शब्दाच्या मध्ये सारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरे. उधारीच्या यादीत एका गिऱ्हाइकाचे नाव एका 'ये'ने लिहिले आणि शोधताना दुसरी 'ये' दाबली, तर नाव सापडत नाही आणि उधारी राहून जाते. हा दोष उर्दू न वाचणारा माणूस जन्मात पकडू शकत नाही.

आपण काय करावे?

काही बांधव म्हणतील, ही झंझट कशाला, विकतचे घ्यावे. जरूर घ्यावे. विकतचे घेऊन पावती ठेवणाऱ्याशी आमचे भांडण नाही. पण खरे बोलू या. आपल्या बाजारात कितीतरी दुकानांत विकतच्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत चालते. तिथे ना दुरुस्ती, ना तक्रारीला तोंड, आणि वर दुसऱ्याचा हक मारल्याचे ओझे. त्यापेक्षा आझाद माल उघड माथ्याने वापरणे बरे. फक्त तो वापरायचा तर त्याची रीत पाळली पाहिजे. आम्ही आमच्यापुरती ठरवलेली रीत अशी.

एक, कसोटीची दहा बिले. कोणतेही अपडेट आले की आम्ही ते आधी पुतण्याच्या जुन्या संगणकावर बसवतो आणि ठरलेली दहा बिले करून पाहतो. २,४९९ चा नग. बरोबर २,५०० चा नग, त्यावर ५ टक्केच आले पाहिजेत. २,५०१ चा. सवलतीमुळे सीमेच्या खाली येणारा. सव्वादोन मीटर कापड. परत आलेला माल. बदलून दिलेला माल. गोव्याच्या दुकानदाराला पाठवलेला माल, ज्यावर केंद्र आणि राज्य असे दोन भाग न पडता आयजीएसटी लागतो. उधारीचे बिल. आणि पैसे पूर्णांकात आणणारे बिल. उत्तरे हाताने काढून वहीत लिहून ठेवली आहेत. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास आम्ही सप्टेंबरात दिला असता तर सतरा घरी जायची पाळी आली नसती. त्यामुळे बनवणाऱ्यांची चूक सांगताना आम्ही आमची झाकत नाही.

दोन, तक्रार तुकड्यासह. आवृत्ती, काय भरले, काय यायला हवे होते, काय आले. गिऱ्हाइकाचे नाव आणि मोबाइल नंबर मात्र काढून टाकावेत, ती त्याची अमानत आहे. भाषा सभ्य ठेवावी. समोरचा माणूस आपला नोकर नाही, बऱ्याचदा तो रात्री जागून हे काम करतो.

तीन, पैसा. लग्नसराईत एका शेरवानीवर जेवढा नफा होतो तेवढा तरी वर्षाला ज्याचे सॉफ्टवेअर वापरतो त्याला द्यावा, किंवा सेवा देणाऱ्याशी रीतसर वार्षिक करार करावा. आपल्या देशातील झिरोधा या शेअरदलाल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ते दान म्हणून नव्हे, त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे म्हणून. आपला धंदाही उभा आहे, ऐपतीप्रमाणे.

चार, माहिती आपल्या भाषेत. आम्ही आणि पुतण्याने मिळून सहा पानी मराठी माहितीपत्रक केले आणि त्याचे उर्दूही केले. ते करताना लक्षात आले, की प्रोग्राममधल्या दोन सूचना इंग्रजीतच संदिग्ध होत्या. 'परतावा' आणि 'बदली' यांत गोंधळ होता. तेही कळवले. समजत नाही म्हणून चुकीचे बटण दाबले जाते, तोही दर्जाचाच दोष.

बनवणाऱ्यांनाही दोन शब्द

आता दुसरी बाजू. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींनी आमच्यासारख्याचे दोन शब्द ऐकावेत. नवे काहीतरी जोडण्याची तुम्हांला फार हौस. दर महिन्याला नवी बटणे येतात. आम्हांला नवी बटणे नकोत, कालचे बिल आजही बरोबर यावे एवढेच हवे. कराचा दर बदलतो त्या दिवशी घाई असते हे मान्य. पण निदान सीमेच्या दोन्ही बाजूंचे एक एक बिल करून पाहायला हवे होते. काय बदलले ते साध्या भाषेत चार ओळींत लिहा, म्हणजे काय तपासायचे ते आम्हांला कळेल. आणि एकाच माणसावर सारा भार टाकू नका. आमच्या दुकानातही रोजमेळ लिहिणारा एक आणि तेरीज पडताळणारा दुसरा असतो. विश्वास नाही म्हणून नव्हे, माणूस चुकतो म्हणून.

आपल्या मुलांचे या कामात मोठे भले आहे. देवरूखजवळ आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रत्नागिरीत आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार विकत आणून जमा करणारी मुले सगळीकडे दिसतात. त्याऐवजी मुलाने एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधला एक दोष शोधावा, त्याची चाचणी लिहावी, दुरुस्ती पाठवावी. पहिल्यांदा ती परत येईल. वरचे जाणते लोक ओळ न् ओळ वाचून चुका दाखवतील. आपल्याकडे कारागिरी अशीच शिकली जायची. उस्ताद शिवण उसवायला लावायचे आणि शागिर्द ती पुन्हा घालायचा. असा उस्ताद घरबसल्या, विनाफी मिळत असेल तर सोडू नये. नोकरी मागताना त्या मुलाजवळ दाखवायला खरे काम असेल, आणि ते उघड्यावर असल्यामुळे कोणालाही पडताळून पाहता येईल.

आमच्या पुतण्याची पहिली दुरुस्ती तीन वेळा परत आली. तो रुसला होता. चौथ्यांदा स्वीकारली गेली तेव्हा त्याने आईला उठवून सांगितले. दुरुस्ती होती मीटरच्या अपूर्णांकाची. सव्वादोन मीटरचे बिल आता पैशाला बरोबर येते.

बाजारातल्या चार-पाच दुकानदारांशी आमचे बोलणे झाले आहे. जीएसटीचे रिटर्न भरून झाले की महिन्यातून एक रात्र एकत्र बसायचे, ज्याला जी चूक आढळली ती वहीत मांडायची आणि मुलांकडून कळवायची. चहा आमच्याकडे. संगमेश्वर, फुणगूस, साखरपा येथील बांधवांनी यावे. कापडाचाच नव्हे, किराणा, हार्डवेअर, मासळी, शिवणकाम, कोणताही धंदा असो, प्रत्येकाचे बिल वेगळे आणि प्रत्येकाची चूकही वेगळी. दुसऱ्या गावच्या बांधवांनी आपल्याकडे अशी बैठक सुरू करावी आणि काय आढळले ते या पानाकडे जरूर कळवावे. कळवताना आवृत्तीचा नंबर आणि बिलाचे आकडे लिहायला विसरू नये.

ते शिक्षक परवा पुन्हा आले होते, धाकट्याच्या गणवेशाचे कापड घ्यायला. आम्ही बिल दिले. त्यांनी तिथेच उभे राहून खिशातली पेन्सिल काढली, हिशेब पडताळून पाहिला आणि मान हलवली. आम्हांला त्याचा राग आला नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने असेच करावे.